ओढणीखालचा सौदा

मिरची पसरली की आमचं नंदुरबार शिंकायला लागतं. थंडी नुकती धरलेली असते, सकाळी बोटं आखडलेली असतात, आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मिरची वाळवायची एकेक पथारी लाल होत जाते. सुरतेकडे निघालेल्या गाडीतले लोक खिडकीतून बघतात आणि म्हणतात, वा, काय शोभा! तेवढ्यात वारा फिरतो आणि तेच लोक भराभर खिडक्या लावून घेतात. शोभा पाहिजे आणि ठसका नको, असा सौदा मी आजवर कोणाशी केलेला नाही.

माझी या वर्षीची पहिली पथारी पडून आठवडा झाला. अर्धवट वाळलेली मिरची वरखाली करायला परवा मी उकिडवी बसले. मिरची वाळत आली की आतलं बी सुटतं, आणि ओंजळ हलवली की खुळखुळतं. दर वर्षी या आवाजाशी माझा हात थांबतो. मग तो आपसूक कमरेच्या चंचीकडे जातो. चंचीत सुपारी, अडकित्ता, आणि तळाशी एक छोटी सोंगटी. पाठ बांबूची, तोंड पांढऱ्या हाडाचं. त्या तोंडावर काहीही कोरलेलं नाही. अंगठा फिरवला तर नुसता गुळगुळीत गारवा.

ही सोंगटी मला सकिनानं दिली, आणि या सोंगटीवरूनच माझं सकिनाशी भांडण आहे. ते अजून व्हायचं आहे. ती सुरतेला आहे.

माझा आवाज मोठा आहे, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. मी आले की अडतीवरची पोरं एकमेकांना सांगतात, "भागाबाई उनी रे, कानमा बोटे घाला!" मी ऐकते आणि आणखी मोठ्यानं बोलते. पण आवाज मोठा का झाला, हे कोणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी मिरचीचे देठ खुडण्यापासून सुरुवात केली. नवरा लवकर गेला. दुसऱ्यांच्या पथारीवर मजुरी करता करता निवडून टाकलेली, पांढरी पडलेली मिरची मी मागून घ्यायला लागले आणि विसरवाडीच्या बाजारात विकायला लागले. मग चांगला माल घेतला, मग स्वतःची पथारी टाकली. हे सगळं मी माझ्या जिभेवर केलं, कारण हात मला वापरू दिला नाही. आमच्याकडे मोठा सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि विकणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात, आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते दोघांनाच माहीत. एकानं माघार घेतली तरी कोणाला दिसत नाही. मी पहिल्यांदा हात पुढे केला तेव्हा समोरच्या शेठनं आपला हात विंचू चावल्यासारखा मागे घेतला. "बाईमानूसना हात धरीसन सौदा? लोके काय म्हनतीन?"

लोक काय म्हणतील म्हणून मला भाव ओरडून सांगावा लागला. पुरुष गुपचूप हरायचे आणि गुपचूप जिंकायचे. मी हरले तर चव्हाट्यावर. अशानं माणूस ओरडायला शिकतो. हा राग माझ्या पोटात मिरचीच्या बियासारखा आहे, वाळला तरी तिखटच.

सकिना आली ते रंगून जपान्यांच्या हाती पडलं त्या वर्षी. माझ्या पथारीला लागून रहीमभाई पिंजाऱ्याचं घर. सकिना त्याची बहीण. तिचा नवरा सुलेमान सुरतेचा, पण रंगूनला लाकडाच्या वखारीत कामाला. लग्न होऊन ती जी गेली ती गेलीच होती. बॉम्ब पडायला लागले तेव्हा त्यानं तिला एका बोटीत बसवून दिलं आणि आपण वखार सांभाळायला मागे राहिला. निघताना त्यानं तिच्या मांडीवर एक पेटी ठेवली आणि म्हणाला, थेट माहेरी नंदुरबारला जा. माझ्या भावाकडे जाऊ नकोस, त्याचं माझं पटत नाही. मी येईन तो नंदुरबारलाच येईन. तोवर चार जणी जमव आणि हात बसव.

पावसाळाभर सकिना घराबाहेर पडली नाही. कोणाशी बोलली नाही. मग मिरची पसरली, आणि एका दुपारी ती पथारीच्या कडेच्या निंबाखाली येऊन बसली. बसली आणि शिंकली. इतक्या जोरात शिंकली की मला हसू आलं.

"रंगूनमा मिरच्या नही व्हती का वं?"

"व्हती," ती डोळे पुसत म्हणाली. "पन तुन्हासारखी नही."

आणि तिनं पेटी उघडली.

आत छोट्या छोट्या विटांसारख्या सोंगट्या दाटीनं भरलेल्या. तिनं त्या गोणपाटावर ओतल्या आणि दोन्ही हातांनी घुसळायला लागली. तो आवाज वाळल्या मिरचीच्या खुळखुळाटासारखा, पण जाड. या घुसळण्याला चिनी लोक चिमण्यांची किलबिल म्हणतात, असं तिनं सांगितलं. खेळाचं नाव माहजोंग. चौघांशिवाय होत नाही.

तिसरी मिळाली स्टेशनमास्तरांची बायको. ती पुण्याकडची, आमची अहिराणी ऐकून अजून बावरायची, आणि दुपारी क्वार्टरमध्ये तिला करमत नसे. मिरची घ्यायला आली ती आपली चटई बरोबर घेऊनच. चटई टाकून बसली, सोंगटी उचलली, आणि टाकून दिली. "अगं बाई, ही हाडं आहेत!"

"मास्तरसाहेबना कोटना बटने कसाना शेतस?" मी विचारलं. "लाकूडना?"

मग तिनं सोंगटी पुन्हा उचलली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा चटई आणली नव्हती. बोलायचं नाही एवढं मलाही कधी कधी कळतं.

चौथी रायकी. तोरणमाळच्या बाजूची. दर वर्षी मिरचीच्या दिवसांत डोंगर उतरून माझ्याकडे कामाला यायची. तिला मी हाक मारली तेव्हा ती हात झटकत आली, समोर बसली, आणि पहिल्याच सोंगटीवर पक्षी कोरलेला बघून म्हणाली, "हाई पाखरू मन्हं." मग ते पाखरू तिनं कधीच टाकलं नाही. त्यापायी हरायची, तरी टाकायची नाही. काही दिवसांनी आम्ही तिघी एकमेकींना न सांगता पाखरं तिच्याकडे जातील असंच खेळायला लागलो.

शिकताना आमची फजिती काय सांगू. चिनी अक्षरं कोणाला येणार? म्हणून आम्ही सगळ्याला आमची नावं दिली. गोल कोरलेल्या सोंगट्या झाल्या बांगड्या. बांबूच्या कांड्या कोरलेल्या त्या काड्या. ज्यांच्यावर नुसती अक्षरं, त्या मोडी, कारण शेठ लोकांचं मोडीही आम्हाला असंच दिसायचं. चार सोंगट्यांवर काहीच नव्हतं, त्या कोऱ्या. चार वारे होते, पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. ते झाले भुसावळ, साक्री, सुरत आणि तोरणमाळ. मास्तरीणबाईंनी जागा मांडल्यावर तक्रार केली, "अहो, उत्तर-दक्षिण उलटी बसली की!" सकिना म्हणाली, तिनंही नवऱ्याला हेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, नकाशा वरून बघतात, म्हणून तो तसा असतो. हा खेळ जमिनीवर पाठ टेकून आभाळाकडे बघणाऱ्यानं केलाय. सांगता सांगता ती वर निंबाकडे बघत राहिली. रायकी खरंच गोणपाटावर आडवी झाली आणि वर बघून म्हणाली, "बराबर शे."

खेळ तसा सोपा. सोंगट्यांची भिंत रचायची. प्रत्येकीनं आपल्या वाटणीच्या घ्यायच्या. मग पाळी आली की भिंतीतली एक उचलायची आणि हातातली एक टाकायची. सारख्यांच्या तिकड्या जमवायच्या, शेवटी एक जोडी. जमलं की हात उघडायचा. मला उचलणं लगेच आलं. टाकणं येईना.

"भागाबहीन, एक टाक ना!" सकिना म्हणायची.

"घेयेल माल फेकाना? हाई कोनता धंदा?"

"धंदा नही वं माय, खेय शे."

पण माझं मन तयार होईना. पांढरी पडलेली मिरची गोळा करून जी उभी राहिली, ती चांगली कोरीव सोंगटी कशी फेकेल? मी फेकण्याऐवजी बदलायला बघायची. मास्तरीणबाईंकडे मला हवी ती बांगडी असणार, हे त्यांच्या तोंडावरून कळायचं. त्यांचं तोंड म्हणजे उघडं दुकान. मी म्हणायची, "ती बांगडी द्या, मी तुमले भुसावळ देस." सकिना कपाळाला हात लावायची. असं चालत नाही. खेळताना सांगायचं नाही, मागायचं नाही.

"मग मुकाट्यानं करू दे," मी म्हणाले. आणि रागाच्या भरात मी तिला रुमालाची ती सगळी गोष्ट सांगितली. शेठनं मागे घेतलेला हात. लोके काय म्हनतीन. सांगताना माझा आवाज इतका चढला की पलीकडच्या पथारीवरच्या बायांनी माना वळवल्या.

सकिनानं ऐकून घेतलं. मग डोक्यावरची ओढणी काढली, माझ्या हातावर टाकली आणि तिच्याखाली आपला हात घातला. "ले. हाऊ तुन्हा रुमाल."

इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते समोर आलं आणि माझी बोटं लाकडासारखी झाली. तिनं ती हळूच उघडली आणि तळव्यात एक सोंगटी ठेवली. "आते अंगठावरी वळख." मी अंगठा फिरवला. तीन गोल. माझी बांगडी! ती तिच्याकडे होती तर. मी माझी भुसावळ तिच्या तळव्यात सरकवली. तिनं एक बोट दाबलं. सौदा झाला. आमच्या दोघींशिवाय कोणाला काही कळलं नाही.

"रंगूनमा असं कोन्ही खेयत नही," ती हसत म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदा हसली.

"हाई रंगून नही. नंदुरबार शे."

तेव्हापासून आमच्यात तो नियमच झाला. एका डावात प्रत्येकीला एक सौदा, ओढणीखाली, न बोलता. बोट दाबलं तर कबूल, हात काढला तर नाही. मास्तरीणबाईंचा हात थंड आणि घाबरट असायचा, नाही म्हणायचं असलं तरी कबूल करून बसायचा. रायकीचा हात खरबरीत, पटकन उत्तर देणारा. सकिनाचा हात कसा होता ते मला सांगता येत नाही. मिरची खुडणाऱ्या बायांच्या बोटांची आग दिवसभर जात नाही. माझ्या बोटांची कधीच गेली नव्हती. तिच्या तळव्यात ती थोडी कमी व्हायची, एवढं खरं.

माझं ओरडणं कमी झालं, असं त्या दिवसांत रहीमभाई म्हणायचा. मी त्याच्यावर ओरडले.

पण त्या सगळ्या किलबिलाटाखाली एक गोष्ट कायम होती. गाडीची शिट्टी झाली की सकिनाचा हात थबकायचा. सुरतेकडून आलेली असो, भुसावळकडून आलेली असो. तिला वाटायचं, सुलेमान येईल तर इथेच येईल, आणि त्या दिवशी आपण इथे नसलो तर तो परत फिरेल. कुठे फिरेल, कोण जाणे. म्हणून तिला इथेच राहायचं होतं. आणि तिचा जेठ, म्हणजे सुलेमानचा तो थोरला भाऊ, तिला न्यायला येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. भावाची बायको पिंजाऱ्याच्या झोपडीत, हे त्याच्या सुरतेतल्या दुकानाला शोभत नव्हतं.

मिरची गोण्यांत भरायला आली तेव्हा तो आला. काळी टोपी, स्वच्छ अंगरखा, बोलायला नरम. आमच्या बाजारात त्याची ओळख होती, म्हणून तो थेट अडतीवर बसला आणि रहीमभाईला तिथे बोलावणं धाडलं. रहीमभाईच्या आधी मी पोचले.

"तिले आठेच ऱ्हाऊ द्या. तिना मालक आठेच येनार शे."

"बहन, ये हमारे घर की बात है," तो म्हणाला.

"घरनी बात शे ते घरमा बठीसन करा. आठे बजारमा कसाले उनात?"

लोक जमले. मी म्हणाले, लढाई संपेपर्यंत राहू द्या. तो म्हणाला, आज. मी म्हणाले, पुढच्या मिरचीपर्यंत. तो म्हणाला, आज. मी म्हणाले, निदान होळीपर्यंत. तिचा खर्च माझा. तेव्हा त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. माणूस कुठे वाकतो ते मला दिसतं, तोच माझा धंदा. तो वाकला होता. त्याच वेळी मागून कोणीतरी हसून म्हणालं, "शेठ, भागाबाईसमोर भलाभला हारतस!"

झालं. त्याची मान ताठ झाली. "आज की गाड़ी से," तो म्हणाला आणि उठला.

मी आजही सांगते, तो माणूस वाईट नव्हता. आमच्या हातांवर एक रुमाल असता, तर त्यानं होळीपर्यंतचं बोट दाबलं असतं आणि कोणालाच काही दिसलं नसतं. त्या बाजारानं मला हात दिला नाही, म्हणून सकिना गेली. माझा राग धंद्याचा आहे असं लोकांना वाटतं. वाटू द्या.

फलाटावर आम्ही तिघीही गेलो. मास्तरीणबाई डोळ्यांना पदर लावून. रायकी हातात मिरचीची पुडी घेऊन, ती तिनं सकिनाच्या बोचक्यात खुपसली. मी काही आणलं नव्हतं. मी मागायला आले होते.

गाडी लागली तसं सकिनानं ओढणी माझ्या हातावर टाकली. मी ओढणीखाली तिच्या काखेतल्या पेटीला हात लावला आणि ओढली. म्हणजे, ही इथे ठेव. पेटी इथे राहिली तर तू येशील. तिनं हात काढला नाही, पण पेटीही सोडली नाही. मी पुन्हा ओढली. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली, तळवा उघडला आणि त्यात एक सोंगटी ठेवून मूठ मिटली.

मी अंगठा फिरवला. काही नाही. गुळगुळीत. कोरी.

मी चटकन हिशेब केला. कोऱ्या सोंगट्यांचीही तिकडी होते. एक कमी पडली की संच अधुरा, खेळ बंद. म्हणजे सकिनाला सोंगटीसाठी तरी यावं लागणार. मी बोट दाबलं. कबूल. जेठानं तिला डब्यात चढवलं. गाडी सुरतेकडे निघाली आणि मी मूठ तशीच मिटून परत आले. आयुष्यातला सर्वांत चांगला सौदा केला, असं वाटत होतं.

लढाई संपली त्यानंतरच्या मिरचीत एक माणूस माझ्या पथारीच्या कडेला येऊन उभा राहिला. हाडं वर आलेली, दाढी वाढलेली. ठसक्यानं वाकून वाकून खोकत होता.

"रहीमभाई के घर ताला है," तो म्हणाला. "उनकी बहन... सकिना..."

मी हातातली मिरची खाली ठेवली. तो आला होता. जिथे येईन म्हणाला होता तिथेच आला होता. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, भाकरी दिली, आणि मग जे काही मनात साठलं होतं ते सगळं त्याला ऐकवलं. इतके दिवस का लावले, भाऊ असा का, पत्ता का नीट दिला नाही. तो खात खात ऐकत होता. सकिना सुरतेला सुखरूप आहे एवढं ऐकल्यावर बाकीचं त्याच्या कानात शिरत नव्हतं, हे मला कळलं, तरी मी थांबले नाही. शेवटी म्हणाले, "आनि तिले सांगा, तुमनी पेटी अधुरी शे. कोरी सोंगटी मन्हाकडे शे. लागस ते ये म्हना."

तो पहिल्यांदा हसला. "कोरी? अरे भाभी, वैसी और कोरी तो पेटी के तले में, कागज़ में लपेट के, जादा रखी रहती हैं. कोई सोंगटी गुम हो जाए तो उसकी जगह. पेटी अधुरी कैसे होगी?"

मला काही बोलता आलं नाही. बाजारातलं कोणी तिथे असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

सकिनाला ठाऊक होतं. सगळा संच तिच्याकडे राहिला, मला एक सोंगटी मिळाली, आणि जिंकल्याचा आनंद मिळाला तो वर. इतक्या वर्षांत मला कोणी असं गंडवलं नाही. मी त्याला गाडीत बसवून दिलं. निरोप दिला, सोंगटी दिली नाही.

त्यानंतर ती आली नाही. तिचा माणूस तिच्यापाशी आहे, तिला आता कोणत्या गाडीची वाट बघायची? मास्तरांची बदली झाली. रायकी येते, दर वर्षी विचारते, "पाखरू कथं शे?" मी सांगते, सुरतेला. ती मान हलवते, जसं काही पाखरांनी तिकडेच जायचं असतं.

परवा रहीमभाई बहिणीकडे जाऊन आला. पथारीवर येऊन सांगत बसला. सकिनानं तिथे गल्लीतल्या बायकांना खेळ शिकवलाय. दुपारी सगळ्या जमतात. आणि डावात मध्येच दोघी जणी ओढणीखाली हात घालतात आणि मुकाट्यानं सोंगट्या बदलतात. त्याला नवल वाटलं, म्हणून त्यानं विचारलं. तिथल्या बायका म्हणाल्या, हा खेळाचा नियमच आहे. चीनपासून असाच चालत आलाय.

रहीमभाई गेल्यावर मी पुष्कळ वेळ मिरची वरखाली करत बसले. शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीचं पाणी.

ही सोंगटी कागदातली जादाची होती, की खेळातली काढून दिली होती? अंगठ्याला कळत नाही. दोन्ही सारख्याच कोऱ्या. जादाची असेल तर तिनं मला फसवलं. खेळातली असेल तर तिनं स्वतःच्या तिकडीतली मला दिली, आणि जादाची घालून पेटी भरून काढली. हे तिच्या एकटीला माहीत आहे, आणि ते मी तिच्याकडून बाजारासारखं ओरडून काढून घेणार नाही.

मिरची भरली की सुरतेची गाडी धरायची, असं ठरवलंय. त्या बायकांच्यात जाऊन बसेन. माझी पाळी आली की ओढणी मागेन, सोंगटी तिच्या तळव्यात ठेवेन, आणि तिचं बोट काय सांगतं ते बघेन.